ऑर्केस्ट्रा राहू दे, आधी रद्दी गोळा करा

बाळा,

परवा रात्री तुझा तो मोठ्ठा मेसेज आला, वाचला मी तेव्हाच, पण उत्तर दिलं नाही कारण दोन ओळीत आटपण्यासारखा विषय नाहीये हा. आज निवांत बसून लिहितेय. लांबलं तर लांबू दे, तुमच्या ग्रुपमधल्या अकरा जणांनाही वाचायला दे.

तर तुम्हाला पेठ तालुक्यातल्या त्या झेडपी शाळेसाठी ८५ हजार उभे करायचेत, जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत, आणि त्यासाठी कालिदास नाट्यगृहात ऑर्केस्ट्रा ठेवायचा असं जवळपास ठरलंय. सगळ्यात आधी सांगते, मला फार बरं वाटलं तुझा मेसेज वाचून. शाळेत असताना स्नेहसंमेलनाची वर्गणी गोळा करायला सगळ्यात पुढे तूच असायचीस आणि चार आण्याचा पण हिशोब वहीत लिहायचीस ते माझ्या अजून लक्षात आहे. पण ऑर्केस्ट्रा नको गं. का नको ते सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेच्या वर्गखोलीसाठी हेच केलं होतं. तिकीटं १ लाख १० हजारांची खपली, आम्हाला वाटलं जिंकलो. मग हॉलचं भाडं, साऊंड, लाईट, गायकांचं मानधन, वादकांचं जेवण, तिकीटं छापणं, बॅनर, पोलीस परवानगी, गाण्यांच्या हक्कांचं लायसन्स, आणि साऊंडवाल्याने ऐनवेळी वाढवून मागितलेले पैसे, असं सगळं वजा जाता हातात राहिले ९ हजार. दोन महिने सात शिक्षिका संध्याकाळी घरी स्वयंपाक टाकून तिकीटं विकत फिरत होत्या त्याचे ९ हजार. पण खरं दुःख ते नाही. खरं दुःख हे की त्या साडेपाचशे लोकांपैकी एकानेही नंतर विचारलं नाही की वर्गखोलीचं काय झालं. का विचारतील? त्यांनी तिकीट घेतलं, गाणी ऐकली, पैसे वसूल झाले, विषय संपला. शाळेचा आणि त्यांचा काही संबंधच जुळला नाही.

तू म्हणशील डॉ. श्रीराम लागू आणि निळूभाऊ फुल्यांनी तर नाटकाचे प्रयोग करूनच सामाजिक कार्यकर्त्यांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला होता. हो केला, आणि फार मोठं काम केलं, पण तिथे कलाकार स्वतःच कार्यकर्ते होते, तुम्हाला कलाकार विकत आणायचेत. त्यात फरक आहे.

आता ८५ हजार हा आकडा बाजूला ठेव. तो ऐकला की समोरचा माणूस घाबरतो आणि तुम्हीही घाबरता. त्याचे तुकडे कर. तू लिहिलंयस तसं पाण्याचा फिल्टर २८ हजार, दोन स्टीलची कपाटं १८ हजार, अडीचशे पुस्तकं २५ हजार, टाकी नळ आणि प्लंबर मिळून १४ हजार. झाले ८५. म्हणजे एक पुस्तक १०० रुपयाला. कपाटाचा एक कप्पा धर, चार कप्प्यांचं कपाट असेल तर सव्वादोन हजाराच्या आसपास. आता "आमच्या उपक्रमाला मदत करा" म्हणण्यापेक्षा "काका, एक कप्पा तुमचा" म्हणून बघ, काका लगेच विचारतात कोणत्या मुलांसाठी, कोणती पुस्तकं, गाव कुठे आलं. तो प्रश्न विचारला ना की समजायचं माणूस आपल्यात आला. आणि ५०० रुपये देणारी १७० माणसं मिळाली की तुमचं काम झालं, १७० म्हणजे अकरा जणांत प्रत्येकी पंधरा-सोळा. तुमच्या प्रत्येकाच्या लग्नाला याच्या दसपट येतील.

आणि आयडियांचं म्हणशील तर माझं एकच म्हणणं आहे, लोकांच्या घरात जे आधीपासून चाललेलं आहे त्यातच आपलं काम शोधायचं. नवीन काहीतरी करून दाखवायला गेलं की खर्च आपल्या गळ्यात पडतो.

रद्दीचं सांगते कारण त्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. इंदिरानगरला आम्ही पाच बिल्डिंगा धरल्या होत्या. आठ दिवस आधी खाली नोटीस बोर्डवर हाताने लिहिलेला कागद, रविवारी सकाळी ९ ते ११ रद्दी गोळा करणार, पैसे अमुक शाळेच्या फिल्टरला. एक छोटा हत्ती टेम्पो, एक ताणकाटा, सुतळीचं बंडल, आणि वही. पहिल्या रविवारी ४१२ किलो निघाली, किलोला १२ रुपये दर मिळाला, ४ हजार ९४४ झाले. ठीक होतं, फार नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक आजी होत्या. एकट्याच राहायच्या. त्यांनी दारातच उभं केलं आम्हाला, पेपरचे गठ्ठे आत होते पण देईनात. आधी विचारलं, फिल्टर कशाला हवा, बोअरवेल नाहीये का तिथे. माझ्याबरोबरच्या पोराने सांगितलं आजी उन्हाळ्यात बोअर आटते, मग विहिरीतून आणतात, गढूळ असतं. मग म्हणाल्या कोण आणतं. तो म्हणाला मुलीच आणतात, शाळेच्या आधी. आजी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, गठ्ठे आणले, आणि म्हणाल्या नळ बसला की मला फोटो दाखवायला यायचं, मोबाईलवर नको, कागदावरचा. आम्ही हो म्हणालो. तीन महिन्यांनी फिल्टर बसला तेव्हा तो पोरगा शालिमारला जाऊन फोटो छापून घेऊन आला, नळाखाली एका मुलीची ओंजळ, चेहरा पण नव्हता त्यात, आणि आजींना नेऊन दिला. बस्स. पुढच्या रद्दीच्या रविवारी आम्ही त्या बिल्डिंगमध्ये गेलो तर चौदा फ्लॅटची रद्दी जिन्याखाली आधीच बांधून ठेवलेली, गठ्ठ्यांवर फ्लॅट नंबर लिहिलेले, आणि आजींनी तो फोटो लिफ्टशेजारी चिकटवलेला. त्या दिवशी त्या एका बिल्डिंगमधूनच २०० किलोच्या वर निघाली.

मी तुला जे सांगायला बसलेय ते हेच आहे खरं म्हणजे. पैसे मागायला सगळे जातात, परत जाऊन दाखवायला कोणी जात नाही. जो परत जातो त्याला दुसऱ्यांदा मागावं लागत नाही.

रद्दीत दोन गोष्टी सांभाळ. वजन देणाऱ्याच्या समोर करायचं आणि वहीत लिहून त्याची सही घ्यायची, रद्दीच असली तरी. आणि शाळेची पुस्तकं, दिवाळी अंक वेगळे काढायचे, ते किलोने विकायचे नाहीत, चांगले अंक गावातल्या शिक्षकांना द्या, त्यांना फार उपयोग होतो.

आता नोव्हेंबर संपत आलाय, म्हणजे संक्रांतीचं वाण तुमच्या हातात आहे. नाशकात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत किती घरी हळदीकुंकू होतं बघ, आणि प्रत्येक बाई तीस-चाळीस जणींना काही ना काही लुटते, बहुतेक प्लास्टिकचे डबे नाहीतर चाळण्या, ज्या वर्षभर कपाटात पडून राहतात. एखाद्या बचत गटाकडून कापडी पिशव्या शिवून घ्या, साधी मांजरपाटाची पण शिलाई पक्की, २५ रुपयाला पडली आणि ४० ला दिली तर पिशवीमागे १५ उरतात, शिवणाऱ्या बाईला तिची मजुरी मिळते ते वेगळंच. ६०० पिशव्या म्हणजे ९ हजार, आमच्या ऑर्केस्ट्राएवढे. पिशवीत छोटी चिठ्ठी टाका शाळेबद्दल, चार ओळींची. पण ऑर्डर १५ डिसेंबरच्या आत घ्यायची आणि अर्धे पैसे आधीच, कारण संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात बायका वाण घेऊन मोकळ्या झालेल्या असतात, तेव्हा गेलीस तर हळहळतात फक्त. तुझ्या आईला सांग, आईच्या भिशीतून सुरुवात कर.

मग फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं. आपण नाशिकचे, हे तर आपल्याच घरचं. दिंडोरी नाहीतर निफाडकडचा ओळखीचा बागायतदार गाठायचा (तुमच्या अकरा जणांत एकाच्या तरी मामाचा बाग असणारच), २ किलोचे बॉक्स, सोसायट्यांमध्ये आधी नोंदणी. शेतकऱ्याला किलोला ६० दिले, बॉक्स आणि गाडीचे २० धरले, तर बॉक्स १४० ला पडतो, २०० ला द्यायचा. १५० बॉक्स गेले तर पुन्हा ९ हजार. भाव दरवर्षी बदलतो, त्या वेळचा बघून हिशोब मांडा, आणि शेतकऱ्याकडून फुकट किंवा पडत्या भावात मागू नका. तो व्यापाऱ्याकडून आधीच पिळला गेलेला असतो, त्याला जागेवर रोख आणि व्यापाऱ्यापेक्षा दोन रुपये जास्तच मिळाले पाहिजेत, नाहीतर एका गरजूच्या नावावर दुसऱ्याला लुटल्यासारखं होतं ते.

यात आमचं एकदा चुकलं ते सांगते. पहिल्या वर्षी उत्साहात नोंदणीपेक्षा ४० बॉक्स जास्त उचलले, वाटलं दारात गाडी बघून लोक घेतीलच. त्या दोन दिवसात ऊन एवढं तापलं की देठ वाळायला लागले, मणी गळायला लागले, शेवटी २५ बॉक्स वाटून टाकावे लागले आणि त्याची भरपाई आम्ही चौघींनी स्वतःच्या पर्समधून केली, शाळेच्या पैशाला हात लावला नाही. तेव्हापासून नियम केला, पैसे आले तेवढेच बॉक्स, एकही जास्त नाही.

मिसळ पार्टीची आयडिया कोणीतरी काढलीच असेल तुमच्यात, नाशिक म्हटल्यावर ती निघतेच. स्वतः करायला जाऊ नका. दोनशे माणसांची तर्री, मटकी, पापड, दही आणि वरून भांडी, यात अकरा जण दिवसभर अडकतात आणि कोणाचं पोट बिघडलं तर नाव शाळेचं जातं, शिवाय खायचं विकायला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते ती वेगळी. त्यापेक्षा मळ्यातल्या एखाद्या मिसळवाल्याला विचारा की मंगळवार-बुधवारची एक सकाळ आमच्या शाळेच्या नावाने देता का, प्लेटमागे १५ रुपये. रविवार तो देणार नाही आणि मागूही नये, रविवारवर त्याचं घर चालतं.

गोदाकाठचा फेरफटका मात्र नक्की करा. खर्च शून्य. सकाळी साडेसहाला रामकुंडावर जमायचं, दुतोंड्या मारुती, नारोशंकराचं मंदिर आणि वसईहून आलेली ती घंटा, काळाराम, मग सरकारवाड्यापर्यंत. माणशी २०० रुपये, चाळीस जण आले तर ८ हजार. पण सांगणारी पोरं तयारीची पाहिजेत. काळारामाच्या दारात उभं राहून २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी सुरू केलेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह नीट सांगता आला पाहिजे, तो वर्षानुवर्षं कसा चालला तेही, नुसतं "हे जुनं मंदिर आहे" असं नको. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं यावर जुनी माणसं पूर कसा मोजतात हे ऐकायला आपल्याच गावातले लोक पैसे देऊन येतात, मी पाहिलंय. आणि जमलं तर पेठच्या शाळेतली चार-पाच मुलं त्या दिवशी पाहुणी म्हणून आणा, आपल्याबरोबर गाव बघायला. मदतीसाठी उभी करून ठेवायला नाही हं. त्यांचे दीनवाणे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. तुझा स्वतःचा तसा फोटो कोणी लावला असता तर तुला काय वाटलं असतं तेवढा विचार करायचा.

तू लिहिलंयस की बाई, ५०० रुपये मागायची लाज वाटते. अगं, आपल्याकडे शाळा काय, संस्था काय, अशाच उभ्या राहिल्यात. अंताजीपंत काळे माणशी एक पैसा मागत फिरले त्यातून पैसा फंड झाला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगांसाठी लोकांनी घराघरातून मूठ मूठ धान्य दिलं. आपल्या इथे मराठा विद्या प्रसारक (मविप्र) संस्था १९१४ ला सुरू झाली ती काय कोणा एका श्रीमंताने नाही केली, खेड्यापाड्यातल्या शेतकऱ्यांपर्यंत गेली माणसं. आणि गाडगेबाबांची धर्मशाळा तर रोज येता-जाता बघतेस तू. या माणसांना मागताना संकोच वाटला नाही कारण पैसा कुठे जाणार हे त्यांना आणि देणाऱ्यालाही स्पष्ट दिसत होतं. तुझी लाज आहे ना, ती मला वाटतं तुमचा हिशोब अजून कागदावर नाही म्हणून आहे. कागद हातात असला की आवाज आपोआप सरळ येतो.

आता कंटाळवाणं पण फार महत्त्वाचं. तुमच्या ग्रुपची नोंदणी नाहीये, मग अशी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते, गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच. ती घ्या, नाहीतर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली करा, म्हणजे पावत्या त्यांच्या, खातं त्यांचं आणि काम तुमचं. त्यांच्याकडे देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी (८०जी म्हणतात ती) असेल तर जुन्या करपद्धतीने कर भरणाऱ्या देणगीदाराला करात सवलत मिळते, पण २ हजाराच्या वरची रोख असेल तर मिळत नाही, त्यांना चेक किंवा ऑनलाईन द्यायला सांगायचं. तिकीटं विकून लकी ड्रॉ काढायची आयडिया कोणी देईल, स्पष्ट नाही म्हणायचं, सरकारची परवानगी नसताना असली सोडत काढणं गुन्हा आहे, कितीही मंडळं करत असली तरी.

आणि कोणाच्याही स्वतःच्या नावाचा क्यूआर कोड फिरवायचा नाही. आमच्यात एक अतिशय सरळ मुलगा होता, त्याने सोय म्हणून स्वतःच्या खात्यावर पैसे घेतले, त्याच महिन्यात त्याच्या बहिणीचं लग्न, खात्यात इकडून तिकडून रकमा येताहेत जाताहेत, नंतर हिशोब लागायला तीन आठवडे गेले. पैसा एक रुपयाही कमी नव्हता. पण त्या तीन आठवड्यात लोक जे बोलले ते त्या मुलाने इतकं मनाला लावून घेतलं की तो पुन्हा कधी कुठल्याच कामाला आला नाही. एक चांगला माणूस गेला आमचा. मला ते अजून सलतं.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांचं थोडक्यात सांगते. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा कायद्याने ठरलेला खर्च, सगळ्यांना लागू नसतो, वर्षाला ५ कोटी नफा किंवा ५०० कोटी नेटवर्थ किंवा १ हजार कोटी उलाढाल असेल त्याच कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, आणि ते पैसे नव्या ग्रुपच्या हातात देत नाहीत, कागदपत्रं आणि मागच्या कामाचा अनुभव बघतात. त्यात डोकं घालू नका या वर्षी. छोट्या कारखानदाराकडे जा, पैसे मागू नका, वस्तू मागा. कपाटं बनवणारा फॅब्रिकेटर अंबडला शोध, त्याला सांग कपाट तुम्हीच बनवा, पत्र्याचे पैसे आम्ही देतो, मजुरी तुमची. असं म्हटल्यावर मला आत्तापर्यंत नाही म्हणणारा एकच भेटलाय.

शाळेच्या बाजूने मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला आत्ताच लेखी विचारून ठेवा की हे हवंय का. फिल्टर देऊन आलात आणि तिथे लाईटच दिवसातून चार तास असली तर? कोणत्या प्रकारचा फिल्टर, जाळी कोण बदलणार, दरवर्षी त्याचे पैसे कुठून, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. वस्तू दिल्यावर शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद करून त्या पानाचा फोटो घ्या. तो पानाचा फोटो देणाऱ्यांना दाखवलात ना, तर हार-तुऱ्याच्या कार्यक्रमापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

पुस्तकांसाठी अजून एक, १०० रुपये देणाऱ्या प्रत्येकाला त्या शाळेतल्या मुलाच्या हातचं पोस्टकार्ड जाऊ दे. ५० पैशाचं कार्ड. मुलाने पुस्तक वाचून झालं की चार ओळी लिहायच्या, काय आवडलं, काय नाही आवडलं, उगाच "आपले आभारी आहोत" वगैरे शिकवून लिहून घ्यायचं नाही. मला असं एक आलं होतं, त्यात एवढंच होतं की गोष्टीतला वाघ खोटा वाटतो, आमच्याकडे बिबट्या येतो तो असा बोलत नाही. माझ्या फ्रीजवर आहे ते अजून.

एप्रिल-मे मध्ये काही ठेवू नका, लग्नं आणि सुट्ट्या, कोणी भेटत नाही. जे करायचं ते मार्चअखेर. आणि महिन्याच्या महिन्याला हिशोब एका पानावर लिहून ज्यांनी ज्यांनी दिलंय त्यांना पाठवायचा, कमी जमले असले तरी पाठवायचा.

ताणकाटा माझ्याकडे आहे, शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा. त्याचा हूक जरा सैल झालाय म्हणून मी तारेने आवळलाय, चाळीस किलोच्या वर एका वेळी लावू नका. दोन कोरी पावती पुस्तकं आणि पेठच्या शाळेचा नकाशा काढून ठेव, कपाटं कुठल्या भिंतीला लावायची ते बघू. ओल असेल त्या भिंतीला नको.

तुझ्या बाई